विहिरीचं शेवटचं प्रकरण

"शेवट न सांगता?" रमाकांतदादांनी पोह्यांची बशी टेबलावर ठेवली. "वैजू, अगं हे म्हणजे लग्नाला बोलवायचं आणि नवरदेव दाखवायचा नाही."

"लग्नात जेवण महत्त्वाचं असतं, दादा. नवरदेव कोण बघतंय?"

"मी चेष्टा करत नाहीये."

"मीपण नाही. उद्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत आई बसणार आहे. तिच्यासमोर ती विहीर कोरडी निघता कामा नये. एवढंच."

"निघता कामा नये म्हणजे? निघालीय ती! छापून पाऊणशे वर्षं होऊन गेली!" ते उठले, खिडकीपर्यंत गेले आणि परत येऊन बसले. "आणि काकूंना ठाऊक नाही? सरांच्या बायकोला?"

"तिच्या विहिरीला पाणी लागलंय," मी म्हणाले. "बाबांनी लावलंय."

दादांनी पोह्यांकडे असं बघितलं, जणू त्यात खडा निघाला असावा.

आता आईही नाही, म्हणून हे सांगायला हरकत नाही.

बाबा, म्हणजे प्राध्यापक मधुकर नलवडे, मिरजेच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. जन्मभर त्यांनी एम.ए.च्या मुलांना एकच अमेरिकन कादंबरी शिकवली. अभ्यासक्रम बदलला, कुलगुरू बदलले, ती कादंबरी काही बदलली नाही. तिचं नाव लांबलचक होतं. आमच्या घरात तिला 'विहिरीचं पुस्तक' म्हणत. हार्लन नावाचा एक माणूस बायकोला घेऊन गवताळ, उघड्या माळावर राहायला येतो आणि विहीर खणायला लागतो. खणतो, खणतो, पाणी लागत नाही. गोष्ट सांगतो तो गावातला दुकानदार. हार्लनला दोर, बादल्या, फावडी तोच विकतो. त्याचा मित्रही तोच.

मूळ पुस्तकात शेवटच्या प्रकरणात विहीर ढासळते आणि हार्लन तिच्यातच राहतो. त्याची बायको आगगाडीत बसून निघून जाते. आणि मग दुकानदार कबूल करतो, की त्या जागी खाली नुसता खडक आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रेल्वेच्या इंजिनिअरनं त्याला तसं सांगितलं होतं. पण ते हार्लनला सांगितलं असतं, तर हार्लन बायकोला घेऊन दुसरीकडे गेला असता. आणि दुकानदाराला ती जायला नको होती.

आईच्या पुस्तकात मात्र पाणी लागतं. हार्लन चिखलानं माखून वर येतो, त्याची बायको आधी त्याला शिव्या घालते आणि मग रडते, आणि दुकानदार गावाला पेढे वाटतो. पेढे. लहानपणी मला त्यात काही खटकलं नाही. कॉलेजात मूळ पुस्तक हातात पडलं, तेव्हा बाबांना जाऊन विचारलं.

"पेढे कुठून आले हो बाबा, अमेरिकेत?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तू पोटात होतीस," ते म्हणाले. "तुझ्याआधी दोनदा पोटातलं गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला पलंगावरून उठू नको म्हणून सांगितलं होतं. सहा महिने. करमणूक काय, तर मी. रोज संध्याकाळी एकेक प्रकरण मराठीत सांगायचो. आता तूच सांग, तशा बाईला मी कोरडी विहीर ऐकवणार होतो?"

"पण नंतर? नंतर तरी सांगायचं."

"नंतर तू झालीस," ते म्हणाले. "मग कसली घाई?"

त्यानंतर ते सांगायचं राहिलं ते राहिलंच. तोवर हार्लन आमच्या घरातला माणूस झाला होता. दहावीत मी गणितात आपटले, तेव्हा आई म्हणाली, "हार्लननं एवढ्यात सोडलं असतं तर?" चाळिशीनंतर ती स्कूटर शिकली. दोनदा दूधवाल्याच्या सायकलीवर जाऊन आदळली. गुडघ्याला हळद लावताना म्हणाली, "लागतंय म्हणून काय झालं? त्याला काय कमी लागलं असेल?" शेजारच्या पुष्पामावशीला तर वाटायचं, हार्लन हा बाबांचा सांगलीकडचा कुणी मावसभाऊ आहे.

हे सगळं मी दादांना सांगितलं. ते बाबांचे विद्यार्थी. पुढे त्यांच्याच जागेवर विभागप्रमुख झाले. डॉक्टर रमाकांत कोगनोळे. एम.ए.ला असताना आठवड्यातून तीनदा आमच्याकडे जेवायला असायचे. बाबा गेल्याला तेव्हा महिना होत आला होता. कॉलेजनं त्यांच्या नावानं व्याख्यान ठेवलं होतं, वक्ते दादा. फळ्यावर रंगीत खडूनं विषयही लिहून झाला होता : 'विहीर : प्रतीक आणि निवेदनतंत्र'.

"तूच बघ," दादा बोटांवर मोजायला लागले. "विहीर प्रतीक का होते? कारण ती कोरडी आहे. पाणी लागलं तर ती नुसती विहीर. निवेदनतंत्र काय? सांगणारा खोटारडा आहे आणि ते शेवटच्या प्रकरणात कळतं. शेवट काढला तर मी बोलू काय? हवामानावर?"

"माळाचं वर्णन आहे की. चांगलं चाळीस पानं आहे."

"सर मला वर्गात उभं करायचे, माहितीये? 'कोगनोळे, पानावर आहे तेवढंच बोल.' त्यांच्याच फोटोसमोर उभा राहून मी पानावरचं खाऊन टाकू?"

"दादा," मी म्हणाले, "भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई एकच सांगते. गुणाचे होते म्हणत नाही, विद्वान होते म्हणत नाही. म्हणते, 'माझ्याशी कधी खोटं बोलले नाहीत.' महिनाभर मी हे ऐकतेय. त्यावर उभी आहे ती."

दादांनी पोह्यांची बशी पुढे ओढली. मग म्हणाले, "दुकानदार खोटारडा आहे एवढं तरी म्हणू ना?"

"ते म्हणा. दुकानदारांबद्दल आईचं फार काही चांगलं मत नाहीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई नेसून तयार होती. घरी मुक्कामाला असलेल्या आत्यानं तोंड वाकडं केलं. "महिनाही झाला नाही, शशिकला. लोक काय म्हणतील?"

"व्याख्यानाला चाललेय, वन्सं. वरातीला नाही," आई म्हणाली आणि चपला घातल्या.

कॉलेजच्या हॉलमध्ये बाबांचा फोटो होता. हार जरा मोठा झाल्यामुळे त्यांची हनुवटी दिसत नव्हती. माइकनं सवयीप्रमाणे किंकाळी फोडली. पहिल्या रांगेत आईच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला बेळंके सर. बेळंके सर भूगोलाचे, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. सभा कुठलीही असो, ते पहिल्या पाच मिनिटांत झोपत. आणि वक्त्याचं संपलं की जागे होऊन पहिला प्रश्न तेच विचारत. कॉलेजात कुणाला त्याचं काही वाटत नसे. उलट त्यांनी प्रश्न विचारला नाही, तर सभा अपुरी वाटायची.

दादांनी कमाल केली. मला वाटलं होतं, अडखळतील. पण माणूस बाबांच्या हाताखाली तयार झालेला. त्यांनी दोर घेतला. प्रत्येक प्रकरणात हार्लन नवा दोर विकत घेतो, आधीच्याहून लांब, आणि दुकानदार प्रत्येक वेळी तो मोजून देताना हार्लनच्या बायकोविषयी चौकशी करतो, हे त्यांनी फार सुरेख उलगडून दाखवलं; पुस्तक दोनदा वाचूनही मला ते दिसलं नव्हतं. "निवेदक आपल्याला विहिरीची गोष्ट सांगतो असं वाटतं," दादा म्हणाले, "पण त्याची नजर कुठे आहे बघा. विहिरीकडे एकदाही नाही. तो सारखा घराच्या दाराकडे बघतोय. जो जिकडे बघतो, त्याची गोष्ट तीच असते."

आईनं मान डोलावली.

मग त्यांनी बाबांची आठवण सांगितली. दरवर्षी एकतरी पोरगं पेपरात लिहायचं, विहीर म्हणजे अमेरिका. दुसरं लिहायचं, विहीर म्हणजे देव. बाबा पेपर परत देताना म्हणायचे, "अरे, प्रतीक व्हायच्या आधी तिला विहीर तरी होऊ द्या." हॉल हसला. आईही हसली, पदर तोंडाशी नेऊन. महिन्याभरात पहिल्यांदा. मी खुर्चीत जरा मागे टेकले. शेवटाच्या दारापर्यंत दादा गेले, दाराला हात लावला आणि परत फिरले. "आणि शेवट? शेवट ज्यानं त्यानं आपापला वाचावा," असं म्हणून ते खाली बसले. टाळ्या वाजल्या.

टाळ्यांनी बेळंके सर जागे झाले.

"फार छान, कोगनोळे!" ते उभे राहून म्हणाले. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून बोलणं मोठ्यानं. "पण मुख्य गोष्ट राहिली. ती विहीर शेवटी कोरडी का निघते? नलवड्यांशी माझा यावर वाद होता. तिकडच्या माळावर पाणी खोल असतं, पण असतं! लेखकाला भूगोल येत नव्हता. नाहीतर तो हार्लन फुकट मेला नसता!"

हॉल पुन्हा हसला. मी आईकडे बघितलं नाही. दादांनी बघितलं, आणि त्यांचा चेहरा बघून मला कळलं.

आई उठून उभी राहिली. भाषणबिषण करायची तिला सवय नव्हती, पण वर्षानुवर्षं भाजीवाल्यांशी बोलून आवाज खणखणीत होता.

"रमाकांत, मला एक विचारायचंय."

"विचारा ना, काकू."

"तो दुकानदार खोटं बोलतो, असं तू आत्ता म्हणालास."

"हो."

"सगळी गोष्ट तोच सांगतो. दुसरं कुणी नाही."

"दुसरं कुणी नाही."

"मग विहीर कोरडी निघाली, हेही तोच सांगत असेल की. त्याचं तेवढंच खरं कशावरून? लागलं असेल पाणी. हार्लन आणि त्याची बायको राहिली असतील सुखानं. ह्यालाच बघवलं नसेल, म्हणून त्यानं मारून टाकलं असेल त्याला. कागदावर."

कुणीतरी मागून "वा!" म्हणालं. प्राचार्यांनी टाळी वाजवली. बेळंके सर कानामागे हात धरून माझ्याकडे वाकले, "काय म्हणाल्या?" मला हसू आलं. सुटलो, असं वाटलं. नवऱ्याची विहीर तिनं भर सभेत परत उपसून दिली होती. आता दादांनी नुसतं हो म्हणायचं होतं.

"बरोबर आहे, काकू," दादा म्हणाले. "असंही म्हणता येईल. हा एक... हा फारच चांगला मुद्दा आहे."

आई बसली नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली. दादा तिच्या हातचं जेवलेले. कालवणात मीठ कमी पडलं तरी ते "छान झालंय" म्हणायचे आणि तिला ते कळायचं.

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस," ती म्हणाली. "ते वर्गात काय सांगायचे?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून. मग त्यांनी त्या हारातल्या फोटोकडे बघितलं.

"सर म्हणायचे," ते हळू म्हणाले, पण माइक चालू होता, "दुकानदार पुस्तकभर खोटं बोलतो. फक्त शेवटच्या प्रकरणात खरं बोलतो. कारण आता खोटं बोलून त्याला मिळण्यासारखं काही उरलेलं नाही."

"असं म्हणायचे?"

"दरवर्षी, काकू."

"बरं," आई म्हणाली, आणि बसली.

आभाराचं भाषण कुणी केलं ते मला आठवत नाही.

रिक्षात बसल्यावर मी तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "रमाकांतचं पोट किती सुटलंय. बायको मुलाकडे गेलीय वाटतं, बाहेरचं खात असणार." स्टेशनपर्यंत ती पोटावरच बोलली. पुढे पुलावर म्हणाली, "बेळंके मात्र होते तसेच आहेत." घरी आत्यानं विचारलं, "काय सांगितलं व्याख्यानात?" आई म्हणाली, "भूगोल."

जेवणं झाली. आत्या आत जाऊन लवंडली. मी ताटं घासून आले, तर आई बाहेरच्या खोलीत बाबांच्या खुर्चीसमोर, खाली सतरंजीवर बसली होती आणि मांडीवर पुस्तक होतं. विहिरीचं. तिला इंग्रजी येत नव्हतं. पानांवर पेन्सिलीनं केलेल्या खुणांवरून ती बोट फिरवत होती.

"आई, ते बाबांनी मुद्दाम..."

"कळतंय मला. मी काय कुक्कुलं बाळ आहे?" ती म्हणाली. "माझं काय चाललं होतं तेव्हा, हे मला नाही ठाऊक? मी तरी त्यांना कोरडी विहीर सांगितली असती का?" तिनं पुस्तक माझ्यापुढे केलं. "शेवटचं प्रकरण वाच. जसं आहे तसं. पेढे घालायचे नाहीत."

मी खुर्चीत बसले. बाबांच्या खुर्चीत मी बसले आहे, हे दोन पानं झाल्यावर लक्षात आलं, आणि तेव्हा उठणं बरं दिसलं नसतं. एकेक वाक्य बघत होते आणि मराठीत सांगत होते. बाबा हे रोज कसं करायचे कोण जाणे. मी दर ओळीला अडत होते. वर उभ्या असलेल्या माणसांच्या हातातला दोर सैल पडतो. दुकानदार पळत येतो. हार्लनची बायको दारातच उभी असते, ती पुढे येत नाही. आत कुणीतरी कंदील सोडतं आणि उजेडात तळ दिसतो. ओलसुद्धा नसलेला. वाचता वाचता एका ठिकाणी माझ्यानं पुढे बोलवेना. आईनं वाट बघितली. मग मी पुढे वाचलं. दुकानदाराचं कबूल करणं. आगगाडी. गवत.

संपलं.

बाहेर कुणीतरी प्रेशर कुकरच्या शिट्ट्या मोजत होतं. आई भिंतीकडे बघत होती.

"त्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलं नव्हतं," ती म्हणाली.

"कुठल्या दिवशी?"

"हे सांगितलं त्या दिवशी. रोज उघडून, बघून बघून सांगायचे. तुझ्यासारखंच, अडत अडत. त्या दिवशी मांडीवर मिटून ठेवलं होतं आणि घडाघडा बोलत होते. मला वाटलं, काय पाठांतर आहे माणसाचं." ती जरा थांबली. "मी खूष होते. पाणी लागलं म्हणून मी त्यांचा हात धरून हसत होते. थंडगार होता हात. मी म्हटलं, थंडीचे दिवस आहेत."



"म्हणजे हे त्यांनी एकट्यानंच वाचलं की गं," आई म्हणाली. "मी पलंगावर, तू पोटात, पुढे काय होणार कुणाला ठाऊक नाही. आणि हे वाचून ते माझ्याजवळ येऊन बसले. त्यांना कोण होतं पाणी लागलं म्हणून सांगायला?"

तिनं पदर डोळ्यांना लावला नाही. नुसती उठली, पलीकडे झाली आणि माझ्या खुर्चीला टेकून बसली, तोंड भिंतीशी असलेल्या त्याच जुन्या पलंगाच्या दिशेला करून. त्या पलंगावर कुणी नव्हतं.

"परत वाच," ती म्हणाली. "विहीर ढासळते तिथून. या खेपेला मी त्यांच्या बाजूनं ऐकते."